दोन लाकडं

नकाशात ती नव्हती.
जोत्याखाली, नावेच्या कण्यासारखी,
कोईग्वेची दोन जाडजूड लाकडं,
टोकं वर वळवून तासलेली.
ही कशाला, मी विचारलं.
रोसामेल चिग्वाय तोंडातले खिळे न काढता म्हणाला,
सवय.

मी सान्तियागोहून आले होते.
चिलोएच्या त्या चिमुकल्या बेटावर तीन फेऱ्या,
चार वह्या, उन्हाच्या कोनांचं कोष्टक,
आणि सारखा तोंडात येणारा एक शब्द: जागा.
जागा काय म्हणते ते ऐकायचं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.
ओहोटीच्या वेळी टेकाडावर उभी राहिले
आणि ऐकू आलं मला:
दवाखाना इथे. मोठी खिडकी समुद्राकडे.
थांबलेल्या आजाऱ्याला पाणी दिसावं.

सभासुद्धा घेतली.
शाळेत, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून तेवीस माणसं.
खिडकी कशी हवी? चांगली.
छप्पर? चांगलं, गळणार नाही असं.
वहीत लिहिलं: सर्वांची संमती.
निघताना एउदोसिया नाह्वेल्कीनने
उकडलेले जांभळे बटाटे हातात ठेवले, म्हणाली,
तिथून फार लांबवर दिसतं, बाई.
तेही लिहिलं मी. कौतुक म्हणून.

दुसऱ्या हिवाळ्यात नर्सचा फोन.
लोक कुंपणापर्यंत येतात आणि मला बाहेर बोलावतात.
आत आलेच तर सगळ्यांचाच रक्तदाब वर.
मग जरा थांबून:
आणि हो, परवा आम्ही दवाखाना हलवला.

हलवला म्हणजे?

म्हणजे हलवला.
बैलांच्या अकरा जोड्या, दोरखंड, ओंडके,
पोरं पुढे शेण नि दगड बाजूला करत.
मिंगा म्हणतात तिकडे;
इर्जिकच ती, फक्त नांगराऐवजी घर,
आणि शेवटी सगळ्यांना जेवण, सफरचंदाची दारू.
औषधांचं कपाट आधी काढलं होतं.
भिंतीवरचं कॅलेंडर विसरलं, ते तसंच आलं.
एक काच तडकली, तेवढंच.

मी चिडले. खोटं कशाला बोलू.
सही माझी होती त्या कागदांवर.
मार्चमध्ये बोटीने गेले, भांडायच्या तयारीने.

चॅपलच्या मागे, बटाट्याच्या कोठारांशेजारी
तो बसला होता, अंग चोरून,
खवल्यांसारख्या फळ्या ओल्या, धुराड्यातून धूर.
वळवताना त्यांनी त्याची पाठच समुद्राकडे केलेली.
माझ्या खिडकीतून आता पायवाट दिसत होती:
कोण येतंय, कोणाच्या पायात काय बिघडलंय,
चुलीसाठी कोण लाकूड घेऊन आलंय.
आत सात जण. दोघेच आजारी.

एउदोसियाने सांगितलं, बटाटे सोलता सोलता.
होडी उशिरा आली नाही की आम्ही त्या टेकाडावर जातो.
उशिरासुद्धा आली नाही की, असं म्हण.
चांगल्या दिवशी तिथे कोणी जात नाही.

सांगितलं का नाही?
तू खिडकीबद्दल विचारत होतीस.

उत्तरेचा वारा नव्या जागी थेट दारात घुसतो,
हे माझ्या कोनांना लगेच कळलं;
रोसामेलला आधीच.
त्याने जुन्या होडीच्या फळ्यांचा आडोसा ठोकला होता.
एका फळीवर तीन अक्षरं उरलेली, उलटी.
ही कोणाची होडी, मी विचारलं.
खिळे काढले त्याने तोंडातून,
एकेक करून खिशात ठेवले.
दोन किटल्या माते संपला, दिवा लावावा लागला,
तरी सांगणं चालूच होतं.
वही बोटीतच राहिली होती.

सकाळी परतताना टेकाडावर गेले.
माझ्या पायाचे बारा खड्डे, पावसाने भरलेले.
मेंढ्या पाणी पीत होत्या.
काटकोन मात्र अजून अचूक.